थंडीआधीची कामं

२८ सप्टेंबर

भाऊजी आले.

फाटकाशी उभे होते. खांद्याला एक पिशवी, अंगात कुणाचा तरी उतरलेला कोट. मी कोंबड्यांना दाणे टाकत होते. आधी ओळखलंच नाही, वाटलं कुणीतरी वाट चुकलंय. मग मान वाकडी करून बघायची ती सवय दिसली, आणि हातातलं भांडं दाण्यांसकट खाली. कोंबड्यांची चैन झाली.

"वहिनी," म्हणाले. एवढंच.

मी पाणीसुद्धा विचारलं नाही. तरातरा घरात गेले, ह्यांच्या खाटेपाशी उभी राहिले. हे छताकडे बघत म्हणाले, "मीच फोन केला. माझी मांडी ही अशी, हिवाळा तोंडावर आलाय. तू एकटी काय काय करणार?"

मला विचारलं नाही. सांगितलंही नाही. पडल्या पडल्या माझ्या पाठीमागे फोन! मांडीचं हाड तेवढं मोडलं, कारस्थानाचं शाबूत आहे.

आठ वर्षांनी हा माणूस माझ्या अंगणात उभा आहे. ज्यानं माझ्या मुलीच्या अंगावर ट्रॅक्टर घातला.

२९ सप्टेंबर

डोकं ताळ्यावर यावं म्हणून नीट लिहून काढते.

भाऊजी म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ. तेव्हा इथेच राहायचे, आमच्यातच. पानगळ अशीच सुरू होती, मका मळायला घेतला होता. भाऊजी ट्रॉली मागे घेत होते. ती मागे होती. सहा वर्षांची. मी पलीकडे मळणीयंत्रावर. मला कुणीतरी हाताला धरून नेलं तेव्हा तिच्यावर कोट घातलेला होता.

"जागच्या जागी गेली. तिला कळलंसुद्धा नाही." सगळ्यांनी मला हेच सांगितलं. डॉक्टरांनी, पोलिसांनी, ह्यांनी. चौकशी झाली, अपघात ठरला. पंधरवड्यात भाऊजी निघून गेले. दूर कुठल्याशा लाकडाच्या वखारीत काम करतात एवढंच कानावर यायचं. ह्यांनी तो ट्रॅक्टर भंगारात काढला. दुसरा आणला. तिचं नाव या घरात कुणी घेत नाही. मीही नाही.

आता कामाचं. बटाटे जमिनीत. सफरचंदं झाडांवर. सरपण अर्धंसुद्धा नाही. धुराडं काजळीनं गच्च. आणि गोठ्याच्या छपराला ते भोक, जे बुजवायला हे वर चढले आणि शिडीसकट खाली आले. एवढ्याला माझे दोन हात.

तेव्हा ठीक आहे. राबू दे. काम संपलं की जाऊ दे. पण माझ्या टेबलाशी बसायचं नाही. झोपायला गोठ्यावरचा माळा. जेवायला मागची पायरी.

हे म्हणाले, "कुत्र्यासारखं?"

म्हटलं, "कुत्रा घरात जेवतो."

१ ऑक्टोबर

बटाटे काढायला घेतले. सरी एकच, ते पुढे, मी चार हात मागे. ते कुदळीनं उकरतात, मी मागून वेचते. एक गोष्ट मान्य करायला हवी, त्यांच्या कुदळीखाली बटाटा चिरत नाही. ह्यांच्या कुदळीखाली दर टोपलीत दोन-चार जखमी निघायचे, तेच आम्ही आधी खायचो. यंदा आधी काय खायचं हाच प्रश्न.

पोती भरली. म्हटलं, ट्रॅक्टर शेडमध्ये आहे. मुद्दाम म्हटलं. त्यांनी ऐकलं. ढकलगाडी आणली आणि एकेक पोतं वाहून नेलं. चढावर चाक रुतायचं, छातीनं रेटायचे. दिवसभर.

मी बघत राहिले. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

२ ऑक्टोबर

पाठ धरली. हातांना जमिनीचा वास. ते पुन्हा ढकलगाडी घेऊन.

५ ऑक्टोबर

रेडिओ आली होती. ओढ्यापलीकडची सुतारीण. आम्ही तिला रेडिओ म्हणतो, बटण नसलेला. अंडी न्यायला आली म्हणे. अंडी तिच्याकडेच ढीगभर आहेत.

"तो आलाय ना? मला वाटलंच. गोठ्यापाशी माणूस दिसला, मी म्हटलं, हिचा नवरा तर आडवा आहे. मग कोण? कसं गं सहन होतं तुला? मी असते तर डोळे काढून हातात दिले असते."

हेच मी मनात रोज म्हणते. पण तिच्या तोंडून ऐकलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. "तुझ्या नवऱ्याला पाठव ना मग बटाटे काढायला," म्हटलं. "तो काढेल, मी भाऊजींना हाकलते."

अंडी न घेताच गेली. आता गावभर दोन बातम्या: तो आला, आणि मी बिघडले.

भाऊजी पंपापाशी हात धूत होते. सगळं ऐकलं असणार. मान वर केली नाही.

८ ऑक्टोबर

सरपण. ह्यांची इंजिनाची करवत सुरूच होईना. हे आतून ओरडून सूचना देतात: "दोरी ओढ! झटक्यानं! अगं, झटक्यानं म्हणजे जीव काढून नाही!" शेवटी भाऊजींनी माळ्यावरून जुनी दोन मुठींची करवत उतरवली, तेल लावलं, दात घासले. एका मुठीला ते, दुसऱ्या मुठीला मी. दुसरं होतंच कोण?

आठ वर्षांत या माणसाच्या इतक्या जवळ आले नव्हते. ओंडक्याच्या अलीकडे मी, पलीकडे ते. करवत अडकायला लागली. मी जोर लावते, ती आणखी अडकते.

"ढकलू नका, वहिनी. फक्त ओढा. परत न्यायचं माझ्याकडे."

भाऊजी आल्यापासूनचं हे पहिलं सबंध वाक्य. मला इतका राग आला की मूठ सोडून निघून जावं. पण त्यांचं बरोबर होतं. ओढत राहिले. करवत सुरळीत चालायला लागली.

डाव्या हाताची दोन बोटं नाहीत त्यांची. वखारीत गेली असतील. विचारलं नाही.

९ ऑक्टोबर

करवत. आजही. ओढणं, सोडणं. आम्ही बोलत नाही, पण आता दम एकाच वेळी खातो.

१२ ऑक्टोबर

सकाळपासून पाऊस. बाहेरचं काम बंद. घरात मी आणि हे. म्हणजे भांडण आलंच.

ह्यांनी सुरुवात केली. "त्याला आत बोलाव. भिजतोय पायरीवर."

"माळ्यावर जाऊन जेवावं."

"तो माझा भाऊ आहे गं."

"आणि ती?"

हे भिंतीकडे वळले. वळले म्हणजे मान वळवली, बाकीचं शरीर वळतच नाही. तिचा विषय निघाला की ह्यांची मान भिंतीकडे. मांडी मोडायच्या आधीपासून. एकदाही आम्ही दोघं मिळून रडलो नाही. ते गोठ्यात रडले असतील, मी न्हाणीघरात. एका छपराखाली राहून.

मी म्हटलं, "तुम्हाला भाऊ परत मिळाला. मला काय मिळणार?"



१५ ऑक्टोबर

धुराडं साफ केलं. म्हणजे भाऊजी छपरावर, मी खाली शिडी धरून. शिडी तीच, जिच्यावरून हे पडले. एक पाय जरा आखूड झालाय तिचा, धरल्याशिवाय उभी राहत नाही.

वर त्यांनी दोरीला बांधलेला ब्रश धुराड्यात सोडला, खरवडत वरखाली करू लागले. काजळी माझ्या डोक्यावर, डोळ्यांत. मग त्यांनी उतरायला पाय शिडीवर टाकला, पायरी शोधत. बुटाचा तळ दिसत होता. झिजलेला, एका बाजूनं.

इथे लिहिते, दुसरीकडे कुठे लिहू? एक क्षण वाटलं, सोडावी. हात काढावे. काही करायचं नाही, फक्त धरायचं नाही. कुणी मला काही म्हटलं नसतं. शिडीच तशी आहे.

सोडली नाही. उलट इतकी घट्ट धरली की तळहातात लाकडाची कुसळं गेली. खाली आल्यावर त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. कळलं असावं. "थँक्यू, वहिनी," म्हणाले, आणि ब्रश झटकायला निघून गेले.

जेवले नाही. कुसळं काढत बसले.

१६ ऑक्टोबर

शेगडी पेटवली. धूर सरळ वर जातो. हे खूश. मी नाही.

२० ऑक्टोबर

कबरी गेली.

आमची थोरली गाय. हे लग्नाच्या आधी म्हणायचे ना, माझ्याकडे एका गाईशिवाय काही नाही, त्या गाईची ही लेक. या घराला दूध तिनंच पाजलं. माझ्या मुलीलाही.

सफरचंदं उतरवत होतो. खाली पडलेली टोपलीत वेगळी काढून ठेवली होती, दावं सोडवून कबरी कधी आली कळलंच नाही. एक अख्खं गिळलं आणि घशात अडकलं. मान लांब केली, तोंडातून लाळेच्या तारा, डोळे पांढरे. पोट फुगायला लागलं. मी ओरडले.

भाऊजी झाडावरून उडी मारून आले. कोट काढला, बाही वर, हात थेट तिच्या घशात कोपरापर्यंत. मी शिंगं धरली. "धरा, वहिनी, सोडू नका!" बोटांना लागत होतं म्हणाले, पण धरता येत नव्हतं. दोन बोटं कमी पडत होती. ते तसं म्हणाले नाहीत, मला दिसलं. हात बदलला. बाहेरून चोळलं. पुन्हा हात घातला. तिनं दात लावले, रक्त आलं, तरी काढला नाही. मी मधेच पळत जाऊन जनावरांच्या डॉक्टरला फोन केला. निघतो म्हणाला. तो यायच्या आतच कबरी गुडघ्यांवर आली, मग कुशीवर.

मग भाऊजींनी हात काढून घेतला. आता उपयोग नाही हे त्यांना माझ्याआधी कळलं.

त्यानंतरचं मला लिहायचंय.

ते तिथेच मातीत बसले. तिचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. केवढं जड डोकं! रक्ताळलेला हात तिच्या मानेवर. आणि तिच्या कानाशी बोलत राहिले. हळू. "आहे मी. इथेच आहे. झालं, झालं. कुठे जात नाही मी." तिचे पाय झाडले जात होते, ते हलले नाहीत. आपला कोट तिच्या अंगावर टाकला. शेवटचा श्वास गेल्यावरही बराच वेळ तसेच बसून.

घाबरलेला माणूस असं करत नाही. पहिल्यांदा करणारासुद्धा करत नाही.

हा माणूस असा आधी कधीतरी बसलाय. कोट तसाच घातलाय. पण जागच्या जागी गेलेल्या जिवापाशी कोण बोलत बसतं?

२१ ऑक्टोबर

कबरीला पुरायचं होतं. पलीकडच्या पडीक तुकड्यात खड्डा खणला. दोघांनी. पण तिला तिथवर न्यायचं म्हणजे ट्रॅक्टरच लागणार. ढकलगाडीचं काम नव्हे.

भाऊजी शेडच्या दाराशी जाऊन थांबले. चेहरा राखेसारखा. "मला जमणार नाही, वहिनी."

मी चढले. मला चालवता येतो, बेताचा. किल्ली फिरवणार तोच म्हणाले, "थांबा!"

आणि हा माणूस जमिनीवर पालथा झाला. मागच्या चाकांमागे पाहिलं. मग पुढच्या. खालून आरपार. उठले, भोवती एक फेरी मारली, पुन्हा वाकले. तिथे कोण असणार? मैलभरात लेकरू नाही. कोंबड्यासुद्धा कोंडलेल्या होत्या.

"चला आता," म्हणाले.

मधे दोनदा थांबावं लागलं, साखळी सरकली म्हणून. दोन्ही वेळा पुन्हा सुरू करायच्या आधी पालथे. गुडघे चिखलात. कोपरं चिखलात. परत निघताना मीच म्हटलं, "भाऊजी, बघता का खाली?"

मी त्यांना हाक मारली. तोंडून निघून गेली. दोघंही दचकलो.

२३ ऑक्टोबर

तळघरात सफरचंदं लावत होतो. गवताच्या थरावर एकेक, एकमेकांना टेकू द्यायची नाहीत, नाहीतर एक सडलं की रांग सडते. वरच्या झरोक्यातून उजेड येत होता. ते माझ्याकडे द्यायचे, मी मांडायचे.

विचारलं. जास्त विचार केला असता तर जमलं नसतं.

"ती लगेच गेली नव्हती. हो ना?"

हातातलं सफरचंद त्यांनी इतका वेळ पुसलं की त्याची साल निघेल असं वाटलं.

"वहिनी, ते विचारू नका."

"मी आई आहे तिची."

"सांगता येणार नाही. शब्द दिलाय."

"कुणाला?"

जिना चढून गेले. उरलेली टोपली मी एकटीनं लावली, कशी लावली देव जाणे.

शब्द दिलाय म्हणे! या घरात शब्द घेणारा एकच माणूस आहे. तडक वर गेले. "अहो, तुम्ही काय लपवलंत माझ्यापासून? भाऊजींकडून कसला शब्द घेतलात?"

हे माझ्याकडे बघतच राहिले. "मी? मी शब्द घेतला? मला त्यानं कधी काही सांगितलंच नाही. मी विचारलं नाही. माझी हिंमत झाली नाही गं." आणि या वेळी मान भिंतीकडे गेली नाही. माझ्यासमोर रडले. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखे.

मी त्यांच्या उशीपाशी बसले. काय करावं कळेना. शेवटी पदरानं त्यांचं नाक पुसलं.

२४ ऑक्टोबर

हे खोटं बोलत नाहीत. मग शब्द कुणाला?

२७ ऑक्टोबर

गवतावर पांढरं. पहिलं दहिवर गोठलं. भोपळे काल उचलले ते नशीब. भाऊजी गोठ्याच्या छपराचं भोक बुजवतायत. प्रत्येक ठोका माझ्या डोक्यात.

२९ ऑक्टोबर

टेबलाशी तिसरं ताट मांडलं. हे बघत होते, आणि उशी सरळ करून बसले.

भाऊजी आले नाहीत. पायरीवर बसून वाट बघत राहिले, जेवण तिकडे येईल म्हणून. मी दार उघडून उभी. ते पाठमोरे. आत यायला सांगायचे शब्द घशात, त्या सफरचंदासारखे. शेवटी ताट उचलून पायरीवर ठेवलं.

मी त्यांना आत घ्यायला तयार नाही आणि ते यायला. काय जोडी जमलीय!

२ नोव्हेंबर

काल जे झालं ते आज लिहिते. काल लिहिता आलं नाही.

भाऊजी परसातला पाण्याचा पाइप गुंडाळत होते. गवत, वर पोत्याचं कापड, वर सुतळी. हे झालं की थंडीआधीची सगळी कामं संपली. मला ते ठाऊक होतं. त्यांनाही. म्हणून मी गेले.

"सांगा. नाहीतर आज निघा. मला अर्धवट ठेवून इथे राहू नका."

त्यांनी गाठ मारली. नीट, दोनदा. उरलेली सुतळी गुंडाळून खिळ्याला अडकवली. माळ्यावर गेले आणि पिशवी घेऊन उतरले. माझ्या शेजारून चालत फाटकाकडे. म्हणजे खरंच निघाले! सांगण्यापेक्षा जाणं सोपं!

मी मागे धावले. या वयात, चपला न घालता. "शब्द कुणाला दिलाय एवढं तरी सांगून जा!"

फाटकाच्या कडीवर हात. पाठ माझ्याकडे.

"भिंगरीला."

आठ वर्षांनी कुणीतरी तिचं नाव घेतलं. ती एका जागी बसायची नाही म्हणून मीच ठेवलेलं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि मी फाटकाचा खांब धरला.

मग त्यांनी सांगितलं. पाठमोरे राहूनच. आठवतंय तसं लिहिते, एक शब्द गाळत नाही.

"कणसं वेचायला मागे आली होती. तिच्या त्या लंगड्या कोंबडीसाठी. मला दिसली नाही. आवाज आला आणि मी उतरलो. शुद्धीत होती, वहिनी. दुखतंय म्हणाली नाही. थंडी वाजते म्हणाली. मी कोट घातला. ओरडलो मी, खूप ओरडलो. मळणीयंत्र चालू होतं, कुणाला ऐकू जाईना. तुमच्याकडे पळत यावं तर तिनं बोट धरलेलं. सोडवून घेता आलं असतं. घेतलं नाही. मला कळलं होतं, आता वेळ नाही. एकटी नको राहायला."

कडी काढली, पुन्हा लावली.

"मग म्हणाली, आईनं ट्रॉलीच्या मागे जाऊ नको म्हणून सांगितलं होतं. आईला सांगू नका हं, काका. आई रागावेल. मी म्हटलं, नाही सांगणार. ती म्हणाली, शप्पथ? मी म्हटलं, शप्पथ."

"आणि?"

"आणि मग गेली."

"म्हणून तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, लगेच गेली?"

"काही बोलली असं सांगितलं असतं तर काय बोलली ते विचारलं असतं तुम्ही. खोटं मला बोलता येत नाही तुमच्याशी. म्हणून गेलो." मग पहिल्यांदा वळले. म्हातारे झालेत. "शब्द मोडला मी. तेवढा एकच होता माझ्याकडे तिचा."

त्यांच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि घरात आले. ते मागे आले की नाही ते पाहिलं नाही.

३ नोव्हेंबर

काही नाही. कांद्याच्या वेण्या बांधल्या.

५ नोव्हेंबर

ह्यांना सांगितलं. ह्यांनी भावाला हाक मारली. "आत ये रे." भाऊजी आले, खाटेच्या कडेला बसले. दोघा भावांनी एकमेकांचे हात धरले. मी चहा ठेवला. उतू गेला.

भाऊजी टेबलाशी जेवले. कडेला, अर्ध्या खुर्चीवर, कुणी उठवेल अशा बेतानं.

हे एवढं लिहून वाटतं, सगळं निवळलं. नाही निवळलं.

८ नोव्हेंबर

जगात राहिलेली शेवटची मिनिटं, आणि माझ्या लेकरानं ती मला घाबरण्यात घालवली.

मी काय एवढी दुष्ट होते? सगळ्या आया ओरडतात. ट्रॉलीच्या मागे जाऊ नको, विहिरीत वाकू नको, शेगडीला हात लावू नको. जीव राहावा म्हणून ओरडतात. तिला शेवटी आठवलं ते ओरडणं. मी चालत दोन मिनिटांवर होते. मला हाक मारायची सोडून माझ्यापासून लपवत होती!

आठ वर्षं एका माणसाचा द्वेष केला. सोपं होतं. सकाळी उठलं की तयार असायचा, शिळा व्हायचा नाही. आता हातात काहीच नाही. मला तो द्वेष परत हवाय. सरपण फोडत बसले, इतकं फोडलं की भाऊजींनी येऊन कुऱ्हाड काढून घेतली.

त्यांना ओरडून विचारलं, "घाबरली होती का ती? माझी भीती वाटत होती तिला? खरं सांगा!"

भाऊजी कुऱ्हाड धरून उभे. विचार करत होते. गोड काहीतरी बोलतील वाटलं, आणि मी ते ऐकून घेतलं नसतं.

"नाही, वहिनी. आता घरी गेल्यावर ओरडा बसेल, असं म्हणत होती ती. घरी जाणारच आहोत, असं धरून चालली होती."

मी फोडलेल्या ढलप्यांवर बसून राहिले. अंधार पडेपर्यंत. भाऊजीही बसले, जरा अंतरावर.

९ नोव्हेंबर

घरी जाणारच आहोत.

घरी.

११ नोव्हेंबर

हे कुबड्या घेऊन उभे राहिले! खाटेपासून दारापर्यंत. घाम घाम झाला. भाऊजी एका बाजूनं, मी एका बाजूनं. "ढकलू नका रे मला," हे म्हणाले. रेडिओनं कुंपणावरून पाहिलं, हात केला. मीही केला. उद्या गावात तिसरी बातमी.

भाऊजी म्हणाले, वखारीत सोमवारपर्यंत कळवायचंय, परत येतो की नाही. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोघांनीही पाहिलं.

मी गोठ्यात वैरण टाकायला गेले.

१३ नोव्हेंबर

भिंगरी,

काकांनी सांगितलं मला. त्यांच्यावर रुसू नको, मीच बळजबरी केली. काका आता इथेच राहणार आहेत, आपल्या घरात.

आणि मी रागावले नाही, बाळा. ऐकतेस ना? मी जराही रागावले नाही.